माडाची सावली आणि तीन किलोवॅटचा हिशेब

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीत काकांच्या घरी सोलर बसवायची बोलणी चालली होती. घर कौलारू, पुढच्या पडवीवर स्लॅब, आणि आगराच्या बाजूला पूर्वेला नि दक्षिणेला माड. मोजमापाला आलेला माणूस वर बघून म्हणाला, "एवढ्याशा सावलीने काय होतंय? दहावा भाग झाकला तर दहा टक्के वीज कमी." काका माझ्याकडे बघायला लागले. हे दहा टक्क्यांचं गणित इतकं पटण्यासारखं आहे, की ते चूक का हे सांगायला मला खळ्यात बसून चांगला अर्धा तास लागला. तेच इथे मांडतो, कारण कोकणात सोलरचे पैसे वसूल होणार की नाही, हे पुष्कळदा माडच ठरवतो.

सोलर सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका थरात किंचित फॉस्फरस, दुसऱ्यात बोरॉन. दोन्ही थर भेटतात तिथे विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि हे क्षेत्र त्यांना एका बाजूला ढकलतं. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने असा पहिला कामाचा सेल दाखवला, तेव्हा तो पडलेल्या प्रकाशातल्या जेमतेम ६ टक्क्यांची वीज करायचा. आजचे पॅनल २० टक्क्यांच्या पुढे आहेत. इथे दोनच गोष्टी ध्यानात धरा. सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, साधारण अर्धा व्होल्ट असतो आणि उजेड कमी-जास्त झाला तरी तो फार हलत नाही. प्रवाह मात्र उजेडाच्या प्रमाणात वाढतो नि घटतो.

अर्ध्या व्होल्टने काहीच चालत नाही, म्हणून पॅनलमध्ये समजा ७२ सेल एकामागे एक जोडलेले असतात. आता पाखाडी डोळ्यासमोर आणा. खाली चिऱ्यांचा ट्रक, वर घराचं जोतं, आणि प्रत्येक पायरीवर एकेक माणूस. प्रत्येकजण हातात आलेला चिरा एक पायरी वर देतो. पायरीची उंची म्हणजे व्होल्टेज. मिनिटाला किती चिरे वर जातात, तो प्रवाह. मधला एकच गडी दमला आणि मिनिटाला दहाऐवजी दोनच चिरे उचलू लागला, तर बाकीचे एकाहत्तर कितीही दणकट असोत, वर दोनच चिरे पोहोचतात. सावलीतल्या सेलला आकाशाचा उजेड मिळतो, पण तो असाच दमलेला गडी. शिवाय खालचे जोरात देतच राहिले तर चिरे त्याच्याच अंगावर येतात. पॅनलमध्ये तसंच होतं: बाकीच्या सेलांची वीज सावलीतल्या सेलमध्ये जिरते, तो तापतो आणि शेवटी करपतो.

यावर उपाय म्हणून पॅनलच्या मागच्या डबीत तीन डायोड, म्हणजे प्रवाहाला बाजूने वाट देणारे भाग, असतात. ७२ गड्यांच्या २४-२४ च्या तीन तुकड्या करायच्या. एका तुकडीत कोणी दमला तर ती अख्खी तुकडी बाजूला ठेवून चिरे वळसा घालून पुढे पाठवायचे. प्रवाह पूर्ववत, उंची एक तृतीयांशाने कमी. म्हणजे हातभर सावलीने पॅनलचा तिसरा हिस्सा गेला.

पण माडाची सावली हातभर नसते, ती पट्टा असते. पूर्वेच्या माडाच्या खोडाची सकाळची सावली पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिणेला तोंड केलेल्या पॅनलांच्या रांगेला समांतर पडते. पॅनल उभे लावले असतील तर तिन्ही तुकड्या उभ्या शेजारीशेजारी असतात, आणि तो फूटभर पट्टा रांगेतल्या सगळ्या पॅनलांत तिन्ही तुकड्यांना शिवतो. बाजूला ठेवायला मोकळी तुकडीच उरत नाही. झाकला गेला जेमतेम सहावा-सातवा भाग, आणि सावली तिथे असेपर्यंत वीज मात्र पाचव्या हिश्शावर येऊ शकते. तेच पॅनल आडवे लावले तर पट्टा प्रत्येकातल्या एकाच तुकडीवर येतो, दोन चालू राहतात. हल्ली अर्ध्या कापलेल्या सेलांचे १४४ चे पॅनल मिळतात. त्यांत दोन अर्धे भाग समांतर जोडलेले असल्यामुळे एकावर सावली आली तरी दुसरा काम करतो. घ्यायचे तर तेच घ्यावेत. झावळीच्या पात्यांची चिंता त्या मानाने कमी. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे पाच सेंटिमीटर रुंद पात्याची गडद सावली साडेपाच मीटरच्या आसपासच विरून जाते. खोडाची विरत नाही.

आणि हे मोजायचं कधी? मे महिन्यात नक्कीच नाही. रत्नागिरीच्या अक्षांशावर ८ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो, माडाची सावली बुंध्याशी गोळा होते आणि छप्पर स्वच्छ दिसतं. डिसेंबरात त्याच १५ मीटर उंच माडाची दुपारची सावली १३ मीटर उत्तरेला जाते. आपली खरी कमाई दिवाळी ते आगोट, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, याच काळातली, तेव्हा डिसेंबरची सावली महत्त्वाची.

काकांना वास्तुवाल्याने पॅनल ईशान्येला लावायला सांगितलं होतं. हे ऐकू नये. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते १७ अंश. चांदण्यातही वीज देणाऱ्या पॅनलच्या जाहिराती येतात, त्याही सोडून द्या. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पट मंद आहे.

आता पैसे. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट जागा आणि दीड ते दोन लाख रुपये लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तीन किलोवॅट व पुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. स्वच्छ उन्हात किलोवॅटमागे दिवसाला चार-साडेचार युनिट मिळतात, आषाढात त्याहून बरीच कमी. महिन्याला २५०-३०० युनिट जाळणाऱ्या घराचे पैसे चार-पाच वर्षांत सुटतात. पण चाकरमान्यांचं घर, जे गणपती, शिमगा आणि मे महिन्यातच उघडतं, तिथे सुटणं कठीण: नेट मीटरवर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) साठलेल्या युनिटांचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो आणि उरलेल्यांना मिळणारा भाव फार कमी असतो. 'बिल शून्य' हेही खरं नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेलं साधं सोलर लाइन गेली की बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर ज्यांनी आठवडेच्या आठवडे अंधार काढला, त्यांना बॅटरी हवीशी वाटेल. तेव्हा हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीचा वेगळा खर्च धरा. खाऱ्या वाऱ्यासाठी सांगाडा जाड गॅल्व्हनाइज्ड आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच मागा, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

काका थांबले. डिसेंबरात नऊ, बारा आणि तीन वाजता आम्ही स्लॅबवर चुन्याने सावलीच्या कडा आखल्या. तीन खुणांमध्ये स्लॅबचा मोकळा कोपरा असा उरलाच नाही. मागच्या गोठ्याचा पत्रा मात्र नऊ ते साडेतीन उघडा होता. पॅनल तिथे आडवे लागले, तीस मीटर जास्तीची केबल गेली, आणि माड एकही तोडावा लागला नाही.