अमेरिकेतलं कम्युनिटी चॅनेल, मंडळाचा कार्यक्रम आणि कॅप्शनची सूट

मंडळाचा कार्यक्रम गावच्या कम्युनिटी ॲक्सेस चॅनेलवर (स्थानिक लोकांचे कार्यक्रम दाखवणारं केबल चॅनेल) लावायचा म्हटलं की कॅप्शनचा, म्हणजे बोलणं पडद्यावर अक्षरांत दाखवण्याच्या नियमाचा, प्रश्न येतोच. "आपली ना-नफा संस्था, आपल्याला कुठे लागू?" हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो.

ना-नफा असणं ही सूट नाही. 2006 मध्ये एफसीसीच्या (टीव्ही-रेडिओचे नियम करणारा अमेरिकी सरकारचा आयोग) एका विभागाने अशा संस्थांना सढळ हाताने सूट दिली होती. 2011 मध्ये आयोगानेच ती फिरवली आणि सूट मिळालेल्या जवळपास 300 जणांना पुन्हा रांगेत यावं लागलं. त्यामुळे करमाफीचं पत्र जोडून निश्चिंत होऊ नका.

बहुतेक छोटी चॅनेलं सुटतात ती उत्पन्नावर. मागच्या कॅलेंडर वर्षात चॅनेलचं ढोबळ उत्पन्न 30 लाख डॉलरच्या आत असेल, तर कॅप्शनवर खर्च करायची सक्ती नाही. कॅलेंडर वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. जुलै-जूनचा ताळेबंद जोडणारे इथेच फसतात. मात्र बाहेरून कॅप्शनसकट आलेला कार्यक्रम कॅप्शनसकटच पुढे गेला पाहिजे. फाइल कन्व्हर्ट करताना ती गळतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आता मराठीचं. इंग्रजी आणि स्पॅनिश सोडून बाकी भाषांना सूट आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच नियमातलं पुढचं अर्धं वाक्य मात्र कुणी वाचत नाही: संहिता लिहिलेली असेल आणि टेलिप्रॉम्प्टरच्या मजकुरातून कॅप्शन काढता येत असतील, तर सूट नाही. गणपतीच्या मांडवात काकूंनी मारलेल्या गप्पा सुटतात. वाचून दाखवलेलं बातमीपत्र अडकू शकतं. जुन्या कॅप्शन पद्धतीत देवनागरी अक्षरंच नाहीत, तेव्हा 'काढता येत असतील' म्हणजे काय, हे चॅनेलशी आधीच बोलून घ्या.

सूट असली तरी प्रमाणपत्र चुकत नाही. दरवर्षी 1 जुलैपर्यंत एफसीसीच्या वेब फॉर्मवर, कोणती सूट घेताय ते नाव घेऊन सांगायचं. 'गेल्या वर्षी भरलं होतं' चालत नाही. संपर्काची माहिती बदलली तर 10 कामाच्या दिवसांत कळवायची. चॅनेल नगरपालिकेचं असेल तर अपंग हक्कांचा एडीए कायदा वेगळा लागतो. तिथे एफसीसीची सूट दाखवून भागत नाही.

कुठलीच सूट बसत नसेल, तर खर्च झेपत नसल्याचा विनंतीअर्ज. प्रतिज्ञापत्र, कॅप्शनवाल्यांची ताजी कोटेशनं, दोन वर्षांचा जमाखर्च, एवढं लोक जमवतात. अर्ज अडतो तो पुढच्या कागदावर: चॅनेलकडे आणि प्रायोजकांकडे मदत मागितल्याचा पुरावा. फोनवर विचारलं तर हातात कागद राहत नाही. ईमेल करा, आणि 'जमणार नाही' असं उत्तर आलं की रागाने डिलीट करू नका. तोच तुमचा कागद. अर्जाचा निकाल लागेपर्यंत सूट धरली जाते.