आधी डबा, मग कॅमेरा

दिवाळी सरली, समुद्र निवळला की बेळगावातून आंबोली घाट उतरून मालवणला जाणाऱ्या गाड्या वाढतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नाहीतर तारकर्लीला थोडं खाली जाऊन यायचं, तिथल्याच माणसाने काढलेला व्हिडिओ मोबाइलवर घ्यायचा आणि परत फिरायचं, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. काहींचं भागत नाही. ते पुढच्या वर्षी मुर्डेश्वरहून होडीने नेत्राणी बेटाला जातात, तिथलं निवळशंख पाणी बघतात आणि आल्यावर विचारतात, "कॅमेरा कुठला घेऊ?"

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक सिलिंडर तपासायचं काम करतो आणि गेली आठ वर्षं पाण्याखाली फोटो काढतो. या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. कॅमेरा नंतर, आधी डबा बघा. डबा म्हणजे हाउसिंग, ज्यात कॅमेरा बंद करून पाण्यात न्यायचा ते कवच. हा माझ्या धंद्याचा गुण आहे असं लोकांना वाटतं. पण या छंदाचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास बघितला तर तोही हेच सांगतो.

फेब्रुवारी १८५६. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं वेमथ. विल्यम थॉम्प्सन नावाचा, वकिली करणारा आणि निसर्गाचा नाद असलेला गृहस्थ होडीतून आपला कॅमेरा एका पेटीत घालून तळाला सोडतो. दोरी ओढून झडप उघडायची, दहा मिनिटं वाट बघायची, पेटी वर घ्यायची, अशी सगळी योजना. पेटी वर आली तेव्हा आत पाणी शिरलेलं होतं. नशिबाने काचेची प्लेट वाचली आणि तिच्यावर समुद्राचा तळ अंधूकसा उमटला. पाण्याखालचा पहिला फोटो म्हणून जो ओळखला जातो, तो असा गळक्या पेटीतून निघाला आहे. कॅमेऱ्याने आपलं काम पहिल्याच दिवशी चोख केलं. कमी पडली ती पेटी.

पुढचं मोठं पाऊल फ्रान्समधल्या बान्यूल्सच्या सागरी प्रयोगशाळेत पडलं. लुई बूतां हा जीवशास्त्रज्ञ पाणबुड्याचा पोशाख घालून खाली उतरायचा आणि खाली जे दिसायचं ते शब्दांत सांगता येईना म्हणून अस्वस्थ व्हायचा. १८९३ साली त्याचा इंजिनिअर भाऊ ऑग्युस्त याने त्याला तांब्याची जलाभेद्य पेटी करून दिली. त्या पेटीला एक रबरी फुगा जोडलेला होता. खाली जाल तसा पाण्याचा दाब फुग्याला दाबणार, फुग्यातली हवा पेटीत जाणार, आणि आतला-बाहेरचा दाब सारखा राहणार. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. आमच्याकडच्या ब्लॅडर अ‍ॅक्युम्युलेटरचा हा थेट चुलतभाऊ! तेलाचा दाब साठवून तोलणारी रबरी फुग्याची टाकी ती. दाबाला अडवायचं तरी, नाहीतर आत घेऊन त्याचा तोल साधायचा तरी. बूतां बंधूंनी दुसरी वाट धरली. पण प्रकाशाचं काय करायचं? पाण्याखाली एकेका फोटोला अर्धा-अर्धा तास लागायचा. त्यावर ऑक्सिजनने भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतीत मॅग्नेशियमची पूड फुंकायची युक्ती निघाली. ते अवजड, धोक्याचं सामान घेऊन माणसं समुद्रात उतरली, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

रंग यायला आणखी तीस वर्षं गेली. १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी मत्स्यशास्त्रज्ञ लाँगली आणि छायाचित्रकार मार्टिन या दोघांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. प्रकाशासाठी वर तराफ्यावर पौंड-पौंड मॅग्नेशियमचा भडका उडवायचा, खाली त्याच क्षणी कॅमेऱ्याची झडप उघडायची. इतका खटाटोप का करावा लागला, ते मालवणला कुणालाही दिसू शकतं. पाणी लाल रंग आधी गिळतं. चार-पाच मीटर खाली लाल बनियन मळकट तपकिरी दिसायला लागतं, आणखी खाली सगळं निळं-हिरवं. आजच्या कॅमेऱ्यात पांढऱ्याचा तोल म्हणजे व्हाइट बॅलन्स हाताने बसवता येतो का, हे बघायला मी सांगतो ते याच कारणासाठी.

आता ज्या वस्तूवर हा सगळा खेळ उभा आहे तिच्याकडे येतो. ओ-रिंग, म्हणजे फट बंद करणारं रबराचं गोल कडं. उद्यमबागेत कुठल्याही शॉपमध्ये जा, खिळ्याला माळेसारख्या टांगलेल्या दिसतील. डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत काम करणारा नील्स क्रिस्टेन्सेन याने १९३७ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत ती सर्रास वापरली गेली, आणि युद्धानंतर पाण्याखालच्या कॅमेऱ्यांना तीच लाभली. त्याआधीच्या पेट्यांना चामडं, रबराच्या पट्ट्या आणि भरपूर स्क्रू लागायचे. ओ-रिंगला फक्त नीट कापलेली खाच लागते. दाब आला की ती खाचेच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटते, आणि दाब जितका जास्त तितकी घट्ट बसते.

यातून निघणारी एक गोष्ट नवख्यांना पटत नाही. चाळीस मीटरवर समुद्राचा जादा दाब असतो ४ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण चौपट. आमचे सिलिंडर २०० बारच्या पुढे काम करतात, त्यांच्यापुढे ४ बार म्हणजे काहीच नाही. मग डबे का गळतात? कारण ते बहुतेकदा पहिल्या दोन-तीन मीटरवरच गळतात. तिथे ओ-रिंगला दाबून धरायला पाण्याचा दाबच पुरेसा नसतो, आणि तिच्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण असला की तेवढ्या फटीतून पाणी आत येतं. डब्यावर '४० मीटर' लिहिलेलं वाचून किनाऱ्यालगत निर्धास्त राहणं म्हणून चुकीचं.

ओ-रिंग हाताशी आल्यावर कॅमेरा करणाऱ्यांपुढे दोन वाटा फुटल्या, आणि आजही ग्राहकाला त्यांतलीच एक निवडावी लागते.

एक वाट जुनीच, चांगला कॅमेरा घ्यायचा आणि त्याला डब्यात घालायचा. ऑस्ट्रियाचा पाणबुड्या छायाचित्रकार हान्स हास याने रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी 'रोलायमारिन' हा डबा घडवून घेतला तो १९५०च्या दशकात. १९६२ साली अमेरिकेत आयकेलाइट ही डबे बनवणारी कंपनी सुरू झाली आणि पारदर्शक प्लास्टिकचे डबे रुळले. पारदर्शकपणा वरवरचा वाटतो, पण आत थेंब दिसला की तिथल्या तिथे वर येता येतं, हे त्याचं खरं मोल. दुसरी वाट अशी की कॅमेऱ्याचं अंगच जलाभेद्य करायचं. बेल्जियमच्या झाँ द वूटर्सने फ्रेंच सागर-संशोधक जाक कूस्तोसाठी 'कॅलिप्सो' हा असा कॅमेरा रचला. तो पुढे निकॉनने घेतला आणि १९६३ साली 'निकोनॉस' म्हणून बाजारात आणला. २००१पर्यंत निकोनॉसचं घराणं चाललं. त्यातल्या बहुतेक मॉडेलांत भिंगातून दिसायचं नाही, अंतर डोळ्यांनी अदमासून बसवायचं. एका पिढीने त्यावर आपली नजर घडवली.

डिजिटल आल्यावर दोन्ही वाटा कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांपर्यंत पोचल्या. कॅनन आणि ऑलिंपस आपल्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी स्वतःच ४० मीटरचे पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे टणक प्लास्टिकचे डबे काढू लागल्या, आणि मध्यमवर्गातल्या माणसाला पहिल्यांदा हे परवडण्याजोगं झालं. दुसरीकडे २००६ साली ऑलिंपसचा ७२० एसडब्ल्यू डब्याशिवाय ३ मीटर जायचा. त्याच घराण्यातले टीजी मालिकेतले कॅमेरे आज १५ मीटर जातात. २०१५च्या टीजी-४पासून त्यांत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा फोटो मिळू लागला, त्यामुळे हरवलेला लाल रंग घरी बसून बराचसा परत आणता येतो. २०१२ साली सोनीचा आरएक्स१०० आला, एक इंची सेन्सरवाला, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग टीजीपेक्षा मोठा. अंधाऱ्या पाण्यात त्याचा फोटो टीजीपेक्षा उजवा येतो यात शंका नाही, पण तो स्वतः पाण्याला अजिबात सोसत नाही. डबा गळला की सगळं गेलं. टीजी डब्यात असताना डबा गळला आणि तुम्ही १५ मीटरपेक्षा कमी खोलीवर असाल, तर कॅमेरा वाचायची चांगली आशा असते. टीजी डब्यात घालणं म्हणजे दोन्ही वाटा एकत्र आणणं, आणि आपल्या भागातून वर्षाला दोन-तीनदा समुद्रावर जाणाऱ्याला मी तेच सुचवतो.

मालवणच्या पाण्यापुरतं आणखी एक. तिथे गाळ असतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारून निघतो आणि पाण्यातला कण न् कण उजळतो. फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. त्यामुळे फ्लॅश बंद ठेवून मासोळीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, किंवा बाजूला दांडीवर स्ट्रोब, म्हणजे वेगळा फ्लॅश लावायचा. त्यासाठी फायबरची केबल जोडायची सोय डब्यावर असावी लागते, म्हणजे निवड पुन्हा डब्याशीच येते. जवळ जाण्याच्या बाबतीत टीजी फार गुणी. भिंगापासून एका सेंटिमीटरवरचंही तो टिपतो.

मोबाइलने कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा बाजार उठवला, त्याचाही इथे संबंध आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांत २०१० साली जवळजवळ ११ कोटी कॉम्पॅक्ट कॅमेरे होते, २०२३ साली २० लाखसुद्धा नाहीत. मॉडेल बंद पडतात, आणि डबा तर एकाच मॉडेलच्या मापाचा असतो. बटणाची जागा दोन मिलिमीटर सरकली तरी तो निकामी. टीजी-६चा ४५ मीटरचा डबा टीजी-७ला चालतो, हे म्हणून मला मोठं वाटतं. एक कॅमेरा गेला तरी डबा कपाटात पडून राहत नाही.

आपण घाटावर राहतो, त्यामुळे आपल्याला एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मालवणपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ. इथे डबा बंद करून घाट उतरलात तर बाहेरची हवा झाकणाला दाबून धरते. १२ बाय १० सेंटिमीटरच्या झाकणावर हिशेब केला तर साधारण दहा किलोचा जोर येतो. हिवाळ्यातल्या बेळगावच्या कोरड्या हवेत डबा बंद केला तर आत दमटपणा कमी राहतो, काचेवर दव धरत नाही, आणि ओ-रिंगही आधीच बसलेली असते. उलटा प्रवास वाईट. मालवणला बंद केलेला डबा तसाच आंबोलीवर आणला तर आतली हवा तेवढ्याच जोराने झाकण बाहेर ढकलते आणि कडीवर ताण येतो. येताना डबा उघडा ठेवून आणायचा. मी ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवतो.

आणि उद्यमबागेतलं ग्रीस तिला लावायचं नाही. आपल्याकडच्या काळ्या ओ-रिंगा नायट्राइल रबराच्या, कॅमेऱ्याच्या बऱ्याच डब्यांना सिलिकॉनच्या, आणि दोघींना चालणारं ग्रीस वेगळं. डबा बनवणाऱ्याने सांगितलेलंच ग्रीस, तेही बोटावर जेमतेम चमक येईल एवढं. पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा पेट्रोल लागलं तर तडे जातात, हेही आमच्या शॉपमधल्या सवयींमुळे मुद्दाम सांगावं लागतं.

चार वर्षांपूर्वी मालवणला माझा स्वतःचा कॅमेरा गेला. होडीत हात पुसलेल्या टॉवेलचा एक धागा ओ-रिंगवर राहिला होता, नखाच्या निम्म्याने लांब. तीन मीटरवर डब्याच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याची रेघ दिसली. मी वर यायच्या आत ती भिंगापर्यंत चढली. खाऱ्या पाण्याने स्क्रीन एकदा पांढरी झाली आणि विझली. दिवसभराची मेहनत मी तपासलेल्या, मीच बंद केलेल्या डब्यात बुडाली याचं दुःख अजून आहे. त्यानंतर मी टॉवेल होडीत नेत नाही आणि डबा आदल्या रात्री, पंखा बंद करून, दिव्याखाली बसून लावतो.

गेल्या महिन्यात भाच्याने जुना टीजी-६ आणि त्याचा डबा विकत घेतला. "मामा, चला की मालवणला," म्हणून मागे लागला. त्याला घेऊन मी आधी येळ्ळूरच्या शिवारातल्या विहिरीवर गेलो. लहानपणी याच विहिरीत आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो. झाकणाला नीट डाक लावलेला नसला की तो भरायचा, आणि काठावरचं कुणीतरी ओरडून सांगायचं. भाच्याच्या डब्यात आम्ही चार घड्यांचा टिशू पेपर ठेवला, ओ-रिंग पुसून, बोट फिरवून बसवली, कडी लावली. पोकळ डबा बुडेना, म्हणून दोरीला धोंडा बांधला. पाच-सहा हात पाणी होतं, म्हणजे बरोबर ते अंतर जिथे ओ-रिंगची परीक्षा असते. अर्धा तास पायरीवर बसून राहिलो. मग वर ओढला, बाहेरून पुसला, झाकण खाली धरून उघडला. टिशूच्या चारही घड्या कोरड्या होत्या. कॅमेरा त्याने अजून खोक्यातून बाहेर काढला नव्हता.