प्रॉक्सी सर्व्हरचे प्रवेश-नियम : बदल करण्यापूर्वी वाचावे

आपल्या कार्यालयात आम्ही बसवून दिलेला स्क्विड प्रॉक्सी सर्व्हर (संगणक आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ) कोणत्या संगणकाला कोणते संकेतस्थळ उघडू द्यायचे, हे एका साध्या मजकूर-फाइलमधील नियमांवरून ठरवतो. ती फाइल आपण स्वतः बदलण्यास आमची हरकत नाही. मात्र महापे, रबाळे आणि वागळे इस्टेटमधील ग्राहकांचे फोन बहुधा एकाच चुकीसाठी येतात, म्हणून ती आधी सांगतो.

नियम वरून खाली वाचले जातात आणि विनंतीला जो नियम सर्वांत आधी लागू पडतो तोच अंतिम ठरतो. त्याखालच्या ओळींकडे सर्व्हर पाहतही नाही. एका ग्राहकाच्या लेखा विभागात २० तारखेला, जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचे असताना, पोर्टल उघडेना, म्हणून त्यांनी फाइलच्या तळाशी परवानगीची ओळ घातली. ओळ बिनचूक होती, पण तिच्या वर ‘सर्वांना मनाई’ ही ओळ होती. परवानगीची ओळ तिच्या वर नेताच पोर्टल उघडले. ही मनाईची ओळ मात्र काढून टाकू नये, कारण एकही नियम लागू न पडल्यास सर्व्हर शेवटच्या नियमाच्या उलट वागतो, म्हणजे शेवटी एखाद्या संकेतस्थळाची मनाई असेल तर उरलेले सगळे आपोआप खुले होते.

एकाच यादीतील अनेक पत्ते ‘हा किंवा तो’ असे धरले जातात. पण एका नियमाच्या ओळीत दोन याद्यांची नावे लिहिली, तर दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. ‘लेखा’ आणि ‘विक्री’ या दोन विभागांच्या संगणक-याद्या एका ओळीत लिहिल्यास परवानगी कोणालाच मिळत नाही, कारण एकच संगणक दोन्ही याद्यांत नसतो. अशा वेळी दोन स्वतंत्र ओळी लिहाव्यात.

वेळेचे नियम लिहिताना वारांची अक्षरे जपून वापरावीत. ‘एस’ म्हणजे रविवार, शनिवारसाठी ‘ए’ आणि गुरुवारसाठी ‘एच’ आहे. ज्या कारखान्यांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते, त्यांनी तर रविवारची सुटी धरून लिहिलेला नमुना नियम जसाच्या तसा उचलूच नये.

एचटीटीपीएस (म्हणजे कूटबद्ध जोडणीच्या) संकेतस्थळांच्या बाबतीत, आम्ही करून दिलेल्या मांडणीत, सर्व्हरला फक्त संकेतस्थळाचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. त्यामुळे यूट्यूबवरचा एकच व्हिडिओ खुला ठेवून बाकीचे बंद करण्याची मागणी आम्हांला पुरवता येत नाही. नावाआधी टिंब दिल्यास त्याची उपनावेही (सबडोमेन) त्या नियमात येतात.

बदलापूर्वी फाइलची प्रत काढून ठेवावी, नंतर ‘पार्स’ आज्ञेने तपासणी करावी आणि चूक न दिसल्यासच नवे नियम लागू करणारी ‘रीकॉन्फिगर’ आज्ञा द्यावी. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करण्याची गरज नसते. तरीही संकेतस्थळ उघडले नाही, तर सर्व्हरच्या नोंदवहीतील (लॉग फाइलमधील) ‘डिनाइड’ आणि ४०३ हा मनाईचा संकेतांक असलेली ओळ आम्हांला जशीच्या तशी पाठवावी. तिच्या सुरुवातीचा मोठा आकडा म्हणजे १९७० पासून मोजलेले सेकंद असतात, तो खोडू नये. नेमकी वेळ आम्ही त्यावरूनच काढतो.