नागपुरी : शहराची बोली आणि रीत

नागपूर शहरात व आसपास रोजच्या व्यवहारात बोलली जाणारी मराठी म्हणजे नागपुरी. ती वऱ्हाडीची सख्खी बहीण. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे सरकले की ती हळूहळू झाडीबोलीकडे कलते, पश्चिमेला अमरावती-अकोल्याकडे अस्सल वऱ्हाडी होते. बाहेरून आलेल्या माणसाला ती ‘हिंदी मिसळलेली मराठी’ वाटते. ही समजूत अर्धीच खरी आहे. हिंदी शब्द भरपूर आले आहेत, पण क्रियापदाचे, प्रत्ययांचे आणि कोणाला काय म्हणावे याचे नियम नागपुरीचे स्वतःचे आहेत. ते मोडले की नागपूरकराला लगेच कळते.

हिंदीची सोबत जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बख्त बुलंद शाह याने हे शहर वसवले, पुढे भोसल्यांनी ती राजधानी केली. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत बनवला तेव्हा त्याची राजधानीही नागपूरच झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी राहिले. सुमारे शंभर वर्षे कचेरी, कोर्ट आणि बाजार दोन्ही भाषांत चालला. इतवारीतले मारवाडी व्यापारी, फाळणीनंतर जरीपटक्यात वसलेले सिंधी, छत्तीसगडहून आलेले मजूर आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हलबा-कोष्टी विणकर या सगळ्यांची बोलणी एकमेकांत मिसळली. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. नागपूरच्या हिंदीत ‘आता हूँ करके बोला’ असे म्हणतात, त्यातले ‘करके’ हे मराठी ‘म्हणून’चेच काम करते.

क्रियापदे आणि प्रत्यय

पहिली खूण म्हणजे ‘ला’च्या जागी ‘ले’. मले, तुले, त्याले, घराले. ‘कशाला’चे ‘कायले’ होते आणि ‘का’ विचारायचे असेल तर ‘काहून’. माझा-तुझाचे ‘माहा-तुहा’ होते. ‘ण’ बहुतेकांच्या तोंडी ‘न’ होतो: पानी, कोन, आनखी. खेड्यातून आलेल्या आणि वयस्क माणसांच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणजे डोळ्याचा डोया आणि शाळेची शाया. शहरात वाढलेल्या पिढीत हा उच्चार बराच मावळला आहे, ‘ले’ मात्र टिकून आहे.

चालू क्रिया सांगताना ‘करत आहे’ न म्हणता ‘करून राहिलो’ म्हणतात, बोलताना ते ‘करून रायलो’ होते. बाईसाठी ‘रायली’, अनेकांसाठी ‘रायले’. गोंधळ इथेच होतो. ‘तो जेवून राहिला’ हे वाक्य पुण्याच्या माणसाला ‘जेवण करून मुक्कामाला थांबला’ असे ऐकू येते. नागपुरात त्याचा अर्थ एवढाच की तो आत्ता ताटावर बसला आहे, थोडे थांबा.

संपून टिकलेल्या स्थितीसाठी ‘-एल’ लागतो: ‘तो बसेल आहे’, ‘सामान तिथी ठेवेल आहे’. वर्तमानकाळात पुरुषासाठीही ‘तो जाते, तो येते’ म्हणतात. त्याला लिंगाची चूक समजू नये, हे इथले रूपच आहे.

सर्वांत देखणे रूप ‘-जो’चे. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे पुढे केव्हातरी, सांगितलेल्या वेळी ये. ‘उद्या येजो’, ‘पोहोचला की सांगजो’. आदराने किंवा अनेकांना ‘येजा, सांगजा’. प्रमाण मराठीत हा भेद दाखवायला वेगळा शब्द जोडावा लागतो, इथे एका प्रत्ययात काम होते. नवख्याची चूक ठरलेली: समोर उभ्या माणसाला ‘पानी देजो’ म्हणणे. ऐकणारा पाणी द्यायला उठत नाही, कारण त्याला ते नंतरचे काम वाटते.

सगळे एकत्र ऐकायचे तर असे:
‘काहून आला नाही बे काल? तुही गंज वाट पायली.’ (म्हणजे ‘तुझी खूप वाट पाहिली.’)
‘काय करू, घरी पाहुणे आल्ते. आज येतो नं, थांबजो.’

बे, जी, भाऊ

‘बे’ हा हिंदी ‘अबे’चा वंशज, पण नागपुरात त्याचे वागणे वेगळे आहे. तो वाक्याच्या किंवा वाक्यखंडाच्या शेवटी येतो: काय बे, चाल बे, नाही बे. (‘चल’ नव्हे, ‘चाल’.) तो फक्त ‘तू’सोबत चालतो, ‘तुम्ही’सोबत कधीच नाही. बरोबरीच्या मित्रांत तो जवळिकीचा आहे. लहान भावाला चालतो. वडील, शिक्षक, मित्राची आई, कामावरचा वरिष्ठ यांच्यापुढे तो तोंडातून निघता कामा नये. अनोळखी माणसाला रस्त्यावर ‘काय बे’ म्हटले तर ते भांडणाचे आमंत्रण समजले जाते, मग स्वर कितीही मऊ असो. नव्याने आलेली माणसे चार दिवसांत ‘बे’ उचलतात आणि तो सगळ्यांवर वापरू लागतात. कटकट तिथून सुरू होते. बाईमाणसांशी बोलताना ‘वं’ किंवा ‘वो’ येतो: ‘काय वं’, ‘अवो माय’.

आदराची बाजू ‘जी’ सांभाळतो. ‘काय जी’, ‘हो जी’, ‘येजा जी’. अनोळखी पुरुषाला, भाजीवाल्यापासून बँकेतल्या माणसापर्यंत, ‘भाऊ’ म्हटले की पुरते. होकार ‘हौ’. तुटक ‘हौ’ म्हणजे नुसते मान्य, ‘हौ नं’ म्हणजे मीही तेच म्हणतो, आणि ‘हौ का?’ म्हणजे मला आत्ताच कळले. भेट झाली की ‘अन् काय म्हणतो?’ असे विचारतात. त्याला हकिगत सांगायची नसते, ‘काही नाही, मस्त’ एवढे बस होते.

मुलगा ‘पोट्टा’, मुलगी ‘पोट्टी’, घोळका असेल तर ‘पोट्टे’. म्हातारा ‘बुढा’, म्हातारी ‘बुढी’. मित्रांत बोलताना वडिलांनाही ‘माहा बुढा’ म्हणतात, पण तो शब्द दुसऱ्याने त्यांच्याबद्दल वापरलेला खपत नाही. मूर्खपणा करणारा ‘भैताड’. ही शिवी नाही, रागावणे आहे. आया मुलांना सर्रास म्हणतात. पुष्कळ म्हणजे ‘गंज’, परत म्हणजे ‘वापस’, ओरडणे म्हणजे ‘चिल्लावणे’, आणि वस्तू मिळत नाही, ‘भेटते’: ‘इथी दूध भेटते का?’

स्वयंपाकघर आणि बाजार

नागपुरात भाजीवाली ‘सांबार टाकू का?’ विचारते तेव्हा ती कोथिंबिरीबद्दल बोलत असते. इडलीसोबतचे सांबारही इथे सांबारच, पण ते हॉटेलात; भाजीच्या ठेल्यावर सांबार म्हणजे कोथिंबीर, यात अपवाद नाही. बटाटा ‘आलू’, म्हणून बटाटेवडा ‘आलूबोंडा’. टोमॅटो ‘टमाटर’, गावाकडे ‘भेद्रं’. शेंगदाणे ‘फल्लीदाणे’. उलथणे ‘सराटा’, मोठे पातेले ‘गंज’; त्यामुळे ‘गंज’ हा शब्द भांड्यासाठी आहे की पुष्कळसाठी, हे वाक्यावरून ओळखायचे. प्लॅस्टिकची पिशवी ‘पन्नी’. पानाचे दुकान ‘पानठेला’. तिथे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटून देतात तो ‘खर्रा’. तोंडाच्या कर्करोगाशी त्याचा थेट संबंध आहे आणि तरी तो वयाने लहान मुलांच्याही हाती पोहोचतो, ही या शहराची खरी काळजीची गोष्ट आहे.

सकाळचे खाणे तर्री-पोहे. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला आणि जवळपास प्रत्येक चौकात त्याचे ठेले लागतात. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लाल तेलाचा थर, आणि त्यावरून तो रस्साही. चार-पाच जणांसाठी एक वाटी काळे हरभरे रात्रभर भिजवून, मीठ घालून कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या करतात. शिजवलेले पाणी फेकायचे नाही. तीन कांदे आणि पाव वाटी सुके खोबरे भाजून वाटतात. पाऊण वाटी तेलात आले-लसणाचा गोळा, मग हे वाटण, कडेने तेल सुटेपर्यंत परततात. आता आच अगदी मंद करून दोन मोठे चमचे तिखट आणि एक चमचा काळा मसाला घालायचा आणि लगेच हरभऱ्याचे गरम पाणी ओतायचे. बिघडते ते इथेच. तेल कडकडीत असताना तिखट पडले की ते करपते, रंग तपकिरी होतो आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. पाणी थंड असेल तर तेल रश्श्यात अडकते, वर येत नाही. हरभरे घालून वीस मिनिटे मंद उकळावे, मग गॅस बंद करून दहा मिनिटे हलवू नये. तर्री त्या वेळात वर चढते. तेलात कंजुषी केली तर ती चढणारच नाही.

पोहे जाड घ्यावेत, पाव किलो. चाळणीत धुऊन दहा मिनिटे निथळू द्यावेत आणि नेहमीपेक्षा जरा मोकळेच ठेवावेत, कारण वरून रस्सा पडणार आहे. आधीच ओले केले तर बशीत चिखल होतो. वरून हरभरे, तर्री, कच्चा कांदा, शेव, सांबार, लिंबू.

सांबारवडी थंडीतली, सांबार स्वस्त असतो तेव्हाची. सांबार धुऊन कापडावर पूर्ण वाळवल्याशिवाय चिरू नये. ओलावा राहिला तर वडी तळताना फुटते, तेल उडते आणि कुरकुरीतपणा तासाभरात जातो. सावजी रस्सा हलबा-कोष्टी घरांतून आला. त्याचा तिखटपणा नुसत्या मिरचीचा नसतो, काळ्या मसाल्याचा असतो. जुन्या पद्धतीत जवसाचे तेल वापरत. उलट्या मडक्यावर भाजलेली, हातावर ताणून कोपरापर्यंत पसरवलेली गव्हाची लंबी रोटी त्यासोबत शोभते.

उन्हाळा

नागपूरचा मे कोरडा असतो. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे नऊ दिवस, साधारण २५ मेपासून, ‘नवतपा’. या काळात दुपारी बारा ते चार बाजार सुस्त असतो, बाहेर पडणारे डोके, कान आणि तोंड दुपट्ट्याने बांधतात, आणि शाळा राज्याच्या इतर भागापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात.

घर तगते ते कूलरवर. मार्चमध्ये पत्र्याचे कूलर माळ्यावरून उतरतात, जुन्या ताट्या, म्हणजे पाण्याने ओल्या राहणाऱ्या बाजूच्या जाळ्या, काढून नव्या बसवतात. लाकडाच्या तुसाची ताटी स्वस्त, वाळ्याची महाग आणि सुगंधी. बोअरच्या क्षारी पाण्याने ताटीवर पांढरे थर बसतात आणि हवा अडते, म्हणून एकच ताटी दोन उन्हाळे वापरणे परवडत नाही. कूलर खिडकीबाहेर बसवून समोरची दुसरी खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे लागते. सगळे बंद केले की ओल साचते आणि अंग चिकचिकते. पावसाळा लागला की कूलर निकामी होतो, कारण हवेतच ओलावा असेल तर ताटीतले पाणी उडत नाही आणि थंडावा येत नाही. पाणी भरताना पत्र्याला हात लावण्याआधी बटण बंद करून प्लग काढावा आणि अर्थिंग तपासलेले असावे; कूलरचा शॉक दर उन्हाळ्यात जीव घेतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

मारबत आणि तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या पुतळ्यांची ही मिरवणूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालू आहे. काळी मारबत भोसले राजघराण्यातल्या राणी बांकाबाई यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केल्याच्या निषेधाची, असे लोक सांगतात. दोन्ही मारबतींची भेट होते, मग त्या शहराबाहेर नेऊन जाळतात. सोबत ‘बडगे’ असतात: त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, काहीही. घोषणा एकच, ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’, आणि जे नको असेल त्याचे नाव तिला जोडायचे.

त्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा. मुले लाकडी बैल सजवून आणतात. बैल तळहाताएवढाही असतो आणि चाकांवर ओढून आणावा लागेल एवढा मोठाही. तोरणाखाली रांग लागते, सजावटीला बक्षिसे मिळतात आणि मग मुले घरोघरी बैल घेऊन ‘बोजारा’ मागतात. बोजारा म्हणजे बैलाच्या निमित्ताने मुलाला दिलेले पैसे. मुले दारात येतील म्हणून घरातली मोठी माणसे सकाळीच सुट्टे पैसे काढून ठेवतात.

पत्ता विचारताना

सीताबर्डीला सगळे ‘बर्डी’ म्हणतात. जुन्या वस्त्यांची नावे बाजाराच्या वारांवरून पडली: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. त्यामुळे ‘बुधवारीले जातो’ हे वाराबद्दल नसून जागेबद्दल असते. ‘रिक्षा’ म्हटले की जुन्या माणसाला सायकलरिक्षा आठवते, तीनचाकी मोटार हवी असेल तर ‘ऑटो’ म्हणावे. तो दोन तऱ्हेने चालतो: ठरलेल्या रस्त्यावर सीटप्रमाणे, किंवा पूर्ण भाड्याने. बसण्याआधी ‘सीट का स्पेशल?’ हे विचारून घ्यावे. न विचारता एकटे बसले आणि वाटेत कोणाला घेतले नाही, तर उतरताना पूर्ण भाडे मागतात.