होडीचा भार कुणी घ्यायचा?

होडी पाण्यातून गाडीमागच्या ट्रेलरवर चढवताना काठाच्या उतारावर जी आरडाओरड आणि ओढाताण चालते, तिचं कारण ताकद कमी पडणं हे क्वचितच असतं. बहुतेक वेळा ट्रेलर पाण्यात फार खोल गेलेला असतो, नाहीतर पुरेसा गेलेलाच नसतो. दीड टनाची होडी तरंगत असताना एका हाताने ढकलता येते, कारण तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन तिच्या वजनाइतकं असतं. आर्किमिडीजचं हे तत्त्व शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं आहे. उतारावर प्रश्न उरतो तो एवढाच, की पाण्याने पेललेला हा भार ट्रेलरने कधी आणि कोणत्या बाजूने घ्यायला सुरुवात करायची.

ट्रेलर उथळ पाण्यात राहिला, तर काय होतं ते सरळ आहे. होडी ज्या लांब, गालिचा चढवलेल्या फळ्यांवर बसते, त्यांच्यावर सगळं वजन लगेच येतं. घर्षणांक ०.३ आणि उतार १२ टक्के धरला, तर १५०० किलोची होडी ओढायला सुमारे ४५० किलोचं बल घर्षणासाठी आणि १८० किलोचं उतारासाठी, म्हणजे ६३० किलोच्या आसपास लागतं. दोन तृतीयांश वजन पाण्याने पेललेलं असेल, तर तेच काम २१० किलोत होतं. विंचचा, म्हणजे पट्ट्याने होडी ओढून घेणाऱ्या चरख्याचा, दांडा फिरवताना घाम फुटायला लागला, की थांबून ट्रेलर थोडा मागे घ्यावा. फळ्या आधी पूर्ण बुडवून ओल्या करून घेतल्या तरी फरक पडतो.

उलट चूक जास्त फसवी आहे. पाणी जास्त तेवढं काम हलकं, असं वाटून ट्रेलर खोल नेला जातो. होडी अलगद त्याच्यावर येते, नाळेचं, म्हणजे होडीच्या पुढच्या भागाचं, टोक पुढच्या रोलरला टेकतं, पट्टा ताणला जातो, सगळं चोख दिसतं. गाडी वर आली की होडी एका बाजूला कललेली असते, किंवा टोक आणि रोलर यांच्यात चार बोटांची फट पडलेली असते.

याचं मूळ भूमितीत आहे. होडी पाण्यावर जवळपास आडवी तरंगते, पण ट्रेलर उताराबरोबर तिरका उभा असतो. बऱ्याच ठिकाणी हा उतार १२ ते १५ टक्के ठेवलेला असतो. सहा मीटर लांबीच्या होडीचं पुढचं टोक फळ्यांना टेकलं, तेव्हा मागची बाजू फळ्यांपासून सत्तर सेंटिमीटरच्या आसपास वर असते. गाडी वर जाऊ लागली, की मागची बाजू हळूहळू खाली बसते, म्हणजे अख्खी होडी पुढच्या टेकूभोवती फिरते. पट्ट्याची कडी त्या टेकूच्या वर असल्याने या फिरण्यात ती किंचित मागे सरकते. फट पडते ती यामुळे. पट्टा सैल होता असं नव्हे. जमिनीवर आल्यावर विंच पिळून ती फट बुजवायला जाणं म्हणजे पूर्ण घर्षणाशी झुंजणं. मागची बाजू नुकतीच फळ्यांवर बसली आहे आणि पाणी अजून थोडा भार पेलतंय, तिथे गाडी थांबवून पट्टा आणखी ओढून घ्यावा.

मोठं जहाज मागच्या बाजूने पाण्यात सोडतात तेव्हा हेच उलट्या क्रमाने घडतं. मागची बाजू तरंगून वर उचलली जाते आणि उरलेला सगळा भार नाळेखालच्या छोट्याशा आधारावर येतो. त्या आधारावर किती दाब येईल याचं गणित जहाजबांधणीतले अभियंते आधीच मांडून ठेवतात.

मागची बाजू तरंगत असते तोवर वारा आणि प्रवाह तिला खुशाल फिरवतात. होडी वाकडी बसते ती याच काळात. म्हणून ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन उभे मार्गदर्शक खांब असावेत, किंवा वारा येतो त्या बाजूने मागे एक दोर लावून तो कुणीतरी धरावा. वाकडी बसलीच, तर ढकलाढकली न करता मागची बाजू तरंगेपर्यंत परत पाण्यात न्यावी. सुरुवातीला चाकांवरच्या मडगार्डचा माथा पाण्याच्या पातळीशी येईल इतकं खोल जावं आणि तिथून कमी-जास्त करावं. इंजिनाचा जोर लावून होडी वर चढवणं सोपं वाटतं खरं, पण पंख्याच्या झोताने उताराच्या शेवटाखालची माती खरवडून खड्डा पडतो आणि पुढच्याच्या ट्रेलरचं चाक त्यात अडकतं. कित्येक ठिकाणी याला बंदी आहे आणि ती रास्तच आहे.

चाकांच्या बेअरिंगचा त्रास मात्र दिसत नाही. लांबून आलेल्या ट्रेलरचं हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसवलेला मधला भाग, तापलेलं असतं. समजा ते ७० अंश सेल्सिअसला आहे आणि २० अंशांच्या पाण्यात बुडालं. आतली हवा थंड झाली, की तिचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे जवळजवळ दीड मीटर पाण्याच्या दाबाइतका. गरम डब्याचं झाकण घट्ट लावून तो थंड केला की झाकण आत ओढलं जातं, तसंच इथे होतं, फक्त इथे सील जरा ढिलं असेल तर पाणी आत खेचलं जातं. ग्रीस दुधाळ दिसू लागलं, तर हेच झालेलं असतं. म्हणून पोचल्यावर थोडा वेळ थांबून मगच ट्रेलर पाण्यात उतरवावा. स्प्रिंगच्या जोराने ग्रीस कायम किंचित दाबाखाली ठेवणारी झाकणं मिळतात, तीही उपयोगी. दिव्यांचा प्लग आधी काढावा; तापलेला बल्ब थंड पाण्यात तडकतो. खाऱ्या पाण्यातून आलेला ट्रेलर गोड्या पाण्याने धुवावा, हे सांगायला नको.

रस्त्याला लागल्यावर प्रश्न येतो हिचवरच्या, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरच्या, भाराचा. होडी आणि ट्रेलर मिळून २००० किलो आहेत आणि हिचपासून चाकांचा आस ५ मीटरवर आहे असं धरू. गुरुत्वमध्य आसाच्या ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर हिचवर २०० किलो, म्हणजे १० टक्के भार येतो. साधारण याच्या आसपास ठेवतात. कमाल मर्यादा गाडी आणि हिचवर लिहिलेली असते. १५०० किलोची होडी ट्रेलरवर फक्त १० सेंटिमीटर पुढे-मागे झाली, तरी हा भार ३० किलोने बदलतो. तो फार कमी झाला, तर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे घेऊ लागतो. एका विशिष्ट वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं, जोरात ब्रेक दाबू नये.

होडीत साचलेलं पाणीही हाच भार पळवतं. मागच्या बाजूला, आसाच्या दोन मीटर मागे, २०० लिटर पाणी राहिलं, तर हिचवरचे ८० किलो उचलले जातात आणि दहा टक्क्यांवरून आपण साडेपाचवर येतो. म्हणून होडी वर आली की मागचं बूच लगेच काढावं, आणि आतलं पाणी उतारावरच, नाळ वर असताना, वाहून जाऊ द्यावं.