पोलादात सोनं टिकतं कसं? कस्टम फोल्डिंग चाकूंवरच्या नक्षीकामाचं विज्ञान

अमेरिकेत आणि इटलीत काही कारागीर एकेक फोल्डिंग चाकू हाताने बनवतात, महिनोन्महिने खपून. त्यातला एखादा नीट बघा. मुठीच्या टोकाला पातं जिथे फिरतं तिथे स्टीलचा एक तुकडा असतो, त्याला बोल्स्टर म्हणतात, त्यावर बारीक वेलबुट्टी कोरलेली असते, वेलीची पानं सोन्याची असतात आणि अंगठ्याने पातं उघडायला जो छोटा खुंटा असतो त्याच्या डोक्यावर माणिक नाहीतर हिरा. बघणाऱ्याला वाटतं सोन्याचा मुलामा असेल, किंवा चिकटवलं असेल. पण तिथे ना गोंद असतो ना डाग, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, भट्टीत तर ते घालतच नाहीत. सोनं नुसतं ठोकून बसवलेलं असतं आणि चांगल्या हातचं काम असेल तर ते पिढ्यान्पिढ्या जागचं हलत नाही.

हे सगळं उभं आहे ते कठीणपणातल्या फरकावर. धातूचा कठीणपणा मोजायची व्हिकर्स नावाची एक पद्धत आहे, हिऱ्याचं टोक धातूवर दाबायचं आणि खड्डा केवढा पडला ते मोजायचं. तापवून मऊ केलेलं शुद्ध सोनं त्यात साधारण 25 भरतं, बोल्स्टरसाठी जे 416 नावाचं स्टेनलेस स्टील वापरतात ते मऊ अवस्थेत दीडशे-दोनशे, चाकूचं पातं 700 च्या आसपास, आणि कोरायच्या हत्याराचं टंगस्टन कार्बाइडचं टोक 1500 च्याही वर. म्हणजे प्रत्येक पायरीवर कापणारा कापल्या जाणाऱ्यापेक्षा बराच कठीण. नक्षी बहुतेक वेळा पात्यावर न करता बोल्स्टरवर का करतात त्याचं उत्तर यातच आलं. पात्यावर काम होतच नाही असं नाही, पण तिथे टोकं पटापट तुटतात.

आणि क्रम चुकवून चालत नाही. अशा चाकूंच्या पात्याला 154 सीएम सारखं स्टील वापरतात, ज्यात साधारण 14 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि ते कडक करायला भट्टीत साधारण 1040 ते 1090 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. सोनं वितळतं 1064 अंशांना! म्हणजे आधी पात्यात सोनं बसवलं आणि मग पातं कडक करायला घेतलं तर सोनं ओघळून जायचीच भीती, त्यामुळे पात्यात सोनं बसवायचंच असेल तर ते कडक झाल्यानंतर, कार्बाइडच्या टोकाने, फार धीराने.

आता कोरण्याबद्दल. हत्याराला ग्रेव्हर म्हणतात, पूर्वी ते हाताच्या तळव्याने ढकलायचे किंवा मागून छोट्या हातोडीने ठोकायचे, आता हवेच्या दाबावर चालणारी मूठ मिळते जी टोकाला सेकंदाला कितीतरी बारीक ठोके देते आणि कारागीर मायक्रोस्कोपखाली बघत फक्त दिशा देतो. ग्रेव्हरचं टोक इंग्रजी व्ही सारखं असतं, जेवढं खोल घुसवाल तेवढी रेघ रुंद, म्हणून एकाच हत्याराने केसासारखी रेघ सुरू होऊन मध्ये जाड होते आणि परत बारीक होत संपते. पण खरी गंमत चकाकीत आहे. टोकाच्या बाजू आरशासारख्या पॉलिश केलेल्या असतात, त्यामुळे स्टीलचा छिलका सुटताना मागे राहणारी खाचेची भिंतही तशीच गुळगुळीत होते, आणि दोन तिरक्या भिंती प्रकाश वेगवेगळ्या दिशेला फेकतात. चाकू हातात फिरवला की नक्षी चमकून उठते ती यामुळे. लेझरने कोरलेली नक्षी इतकी मेलेली का दिसते तेही यावरून कळेल, लेझर धातू वितळवून उडवतो, खाली खडबडीत तळ राहतो आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो. कंपनीचा नंबर टाकायला लेझर उत्तम आहे, वेलबुट्टीसाठी मात्र मला तो कधीच पटला नाही.

इटलीत गार्दोने वाल ट्रोम्पिया या बंदुकांच्या गावात बुलिनो नावाची पद्धत बहरली. तिच्यात रेघांबरोबर हजारो सूक्ष्म ठिपके टोचून चित्र उभं करतात, पक्ष्यांची पिसं, कुत्र्याचे डोळे, फोटोच वाटतो. चाकूंवरच्या नक्षीवर या बंदुकवाल्या परंपरेचा खूप मोठा प्रभाव आहे.

मग सोनं. आधी पानाच्या आकाराचा उथळ खड्डा खणायचा, मग छोट्या छिन्नीने त्याच्या भिंती आतल्या बाजूला, खालून कापायच्या, म्हणजे खड्डा माठासारखा होतो, तोंड लहान आणि पोट मोठं. तळाला छिन्नीने बारीक दाते उठवतात. त्यात 24 कॅरेट सोन्याची तार ठेवून ठोकायची. दागिन्यांना आपण 22 कॅरेट घेतो, 916 हॉलमार्कवालं, त्यात तांबं-चांदी मिसळलेली असते कारण शुद्ध सोन्याचा दागिना वाकतो, झिजतो. इथे मात्र नेमका तोच मऊपणा हवा असतो. सोन्याच्या स्फटिकात अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, घसरायला एकूण बारा वाटा असतात, म्हणून ते न तुटता पसरतं, इतकं की एका ग्रॅमचा साधारण अर्धा चौरस मीटर वर्ख होतो. आणि ठोकल्याने धातूचा आकार बदलतो, घनफळ नाही. वरून दाब आला की सोन्याला जायला जागा एकच, बाजूला, त्या खालून कापलेल्या पोटात आणि दात्यांच्या मध्ये. एकदा तिथे शिरलं की लहान तोंडातून बाहेर येणार कसं? वर उरलेलं सोनं घासून सपाट करतात, किंवा तसंच उंच ठेवून त्यावर पानाच्या शिरा कोरतात.

पान मोठं असेल तर शेजारी शेजारी दोन-तीन तारा ठोकतात आणि त्या एकजीव होतात, तेही थंड असताना. तांब्या-लोखंडावर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतो, तो मध्ये आला की दोन तुकडे जुळत नाहीत. सोन्यावर तो येतच नाही, त्यामुळे स्वच्छ सोनं स्वच्छ सोन्यावर जोरात दाबलं की अणू थेट अणूंना भिडतात आणि जोड तयार. आपल्याकडच्या कुंदनकामाचा पायाही हाच, मुघल काळातल्या जेडच्या खंजिरांच्या मुठींमध्ये माणकं-पाचू बसवली आहेत ती शुद्ध सोन्याच्या पट्ट्या दगडाभोवती दाबून, आच न लावता. आणि बिदरची बिदरी बघितली असेल तर जस्ताच्या मिश्रधातूत चांदीची तार ठोकतात तिथेही खाच आणि दाब हेच. युरोपात एइबार या बास्क गावातल्या प्लासिदो झुलोआगाने (1834-1910) लोखंडावरचं सोनेरी जरकाम फार उंचीवर नेलं, ती पद्धत थोडी वेगळी, तिथे खड्ड्याऐवजी लोखंडाचा पृष्ठभागच आडव्यातिडव्या बारीक चरांनी खरखरीत करून त्यावर सोनं दाबतात. थर पातळ बसतो, त्यामुळे सतत हाताळायच्या चाकूला मला खोल जडावच योग्य वाटतो.

खड्यांचं गणित उलटं आहे. सोन्याचं कोंदण दाबलं तिथे राहतं, स्टील दाबलं की थोडं मागे उसळतं आणि खडा सैल राहतो, म्हणून कारागीर अनेकदा स्टीलमध्ये आधी सोन्याची छोटी वाटी बसवतात आणि खडा तिच्यात. शिवाय फोल्डिंग चाकू उघडताना लॉक खटकन बसतो, दरवेळी धक्का. माणिक आणि नीलम, कठीणपणाच्या 1 ते 10 च्या मोह्ज मापात 9, हे इथे सगळ्यात भरवशाचे. हिरा 10 असूनही त्याच्यात चिरण्याच्या चार ठरलेल्या दिशा असतात, चुकीच्या कोनात फटका बसला तर कपची उडू शकते. पाचूत जन्मतःच भेगा. ओपल दिसायला अप्रतिम, पण त्यात पाणी असतं, ते सुकलं की तडे जायची भीती.

मुठीला शिंपल्याचा मोती-रंगी थर लावतात त्याचे रंग रंगद्रव्याचे नाहीत, अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाडीच्या पापुद्र्यांमधून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकांत मिसळून ते होतात. टायटॅनियमच्या आतल्या पट्ट्या निळ्या-जांभळ्या दिसतात तिथेही तोच न्याय, विजेच्या व्होल्टेजने ऑक्साइडचा थर जाड-पातळ करायचा आणि रंग निवडायचा.

आणि असा चाकू कुणाकडे असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सोन्याला काही होत नाही, पण ओलावा आणि घामाचं मीठ आलं की सोनं आणि स्टील मिळून छोटी बॅटरीच बनते आणि त्यात झिजतं ते स्टील, तेही नेमकं सोन्याच्या कडेला. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा थर असतो म्हणून तिथे धोका कमी, पण बोल्स्टर साध्या कार्बन स्टीलच्या दमास्कसचा, म्हणजे थरावर थर जोडून केलेल्या स्टीलचा, असेल तर हाताळून झाल्यावर मऊ कापडाने पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, आणि चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, कमावलेल्या चामड्यातले आम्ल आणि ओल दोन्ही स्टीलला लागतात.