अमायलॉइड गृहीतक
मेंदूत बीटा-अमायलॉइड या प्रथिनखंडाचा संचय होणे हे अल्झायमर रोगाचे मूळ कारण आहे, असे मानणारी उपपत्ती. या संचयाने चेतापेशींबाहेर प्लाक, म्हणजे प्रथिनाचे साठे, बनतात. पुढे पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात, अनुबंध (चेतापेशींमधील जोडण्या) तुटतात आणि स्मृती ढासळते, असा हा क्रम आहे. जॉन हार्डी व जेराल्ड हिगिन्स यांनी १९९२ मध्ये तो सुसूत्रपणे मांडला.

प्लाक प्रथम कोणी पाहिले, याविषयी मतभेद आहेत. श्रेय सामान्यतः आलोइस अल्झायमर यांना दिले जाते. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेली ५१ वर्षांची आउगुस्टे डेटर ही त्यांची रुग्ण. एप्रिल १९०६ मध्ये ती मरण पावल्यावर तिच्या मेंदूतील प्लाक व गुंते यांचे वर्णन त्यांनी त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथे केले. प्लाक मात्र त्याआधीच, १८९२ मध्ये, पॉल ब्लॉक व गेओर्गे मारिनेस्को यांनी एका वृद्ध अपस्माररुग्णात नोंदवले होते. प्रागच्या ओस्कार फिशर यांनी १९०७ मध्ये वार्धक्यजन्य स्मृतिभ्रंशाच्या १६ पैकी १२ मेंदूंत ते दाखवले. अल्झायमर यांचा निष्कर्ष एका रुग्णावर आधारलेला होता. त्यामुळे प्लाकचा स्मृतिभ्रंशाशी असलेला संबंध पुराव्याने मांडण्याचे श्रेय फिशर यांना देणे अधिक न्याय्य वाटते. ज्यू असलेल्या फिशर यांचा १९४२ मध्ये तेरेझिनच्या नाझी तुरुंगात अंत झाला आणि त्यांचे काम दीर्घकाळ विस्मृतीत गेले.

म्युनिकमधील मनोविकारतज्ज्ञ आणि अल्झायमर यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात ‘अल्झायमर रोग’ हे नाव घातले. म्युनिकची त्यांची आणि प्रागची फिशर यांची अशा प्रयोगशाळांमधील चुरस हे त्यामागचे कारण असल्याचे काही इतिहासकार सांगतात. अकाली येणारा हा विकार वेगळाच आहे अशी क्रेपेलिन यांची खरोखर धारणा असावी, असे इतरांचे मत आहे. स्वतः अल्झायमर यांना १९११ पर्यंत या वेगळेपणाविषयी शंका वाटू लागली होती. तरीही ‘अल्झायमर’ तरुणांचा आणि म्हातारपणीचा विसरभोळेपणा स्वाभाविक, ही विभागणी पुढे टिकली. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातले बरेचसे हाच रोग असतो, हे रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठामपणे मांडल्यावर ही भिंत पडू लागली. आउगुस्टेच्या जतन केलेल्या ऊतीत आनुवंशिक अल्झायमरशी निगडित अशा प्रेसेनिलिन-१ जनुकाचे उत्परिवर्तन आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला ते सापडले नाही. तिचा रोग आनुवंशिक होता असे म्हणणे तूर्त घाईचे ठरेल.

जॉर्ज ग्लेनर व केन वाँग यांनी १९८४ मध्ये बीटा-अमायलॉइड वेगळे केले. ते ज्या मोठ्या प्रथिनापासून तुटून बनते, त्या पूर्वगामी प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असल्याचे १९८७ मध्ये कळले. डाउन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र तीनदा असते आणि अशा व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत प्लाक दिसतात, हा या उपपत्तीचा भक्कम आधार आहे. याच जनुकातील रोगकारक उत्परिवर्तन १९९१ मध्ये सापडले, तर २०१२ मध्ये आइसलँडमध्ये रोगापासून संरक्षण देणारे उत्परिवर्तन आढळले.

प्रमुख आक्षेप असा की कित्येक वृद्धांच्या मेंदूत भरपूर प्लाक असूनही त्यांची बुद्धी शाबूत असते. शिवाय लक्षणांची तीव्रता अमायलॉइडपेक्षा टाऊच्या फैलावाशी अधिक जुळते. कोलंबियातील अँटिओक्विया प्रांतात एका विस्तीर्ण कुळात चाळिशीतच रोग सुरू होतो. त्या कुळातील एक स्त्री सत्तरीपर्यंत निरोगी राहिल्याचे २०१९ मध्ये नोंदवले गेले. तिच्या मेंदूत अमायलॉइड प्रचंड, टाऊ मात्र अल्प होते आणि मेदवाहक प्रथिन बनवणाऱ्या एपीओई या जनुकात एक दुर्मिळ बदल होता. अमायलॉइड रोगाला सुरुवात करून देते, पण रोग पुढे सरकायला इतर घटक लागतात, असा याचा अर्थ लावणे सर्वांत सयुक्तिक दिसते.

अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लसीची चाचणी मेंदूदाहामुळे २००२ मध्ये थांबवावी लागली. त्यानंतर अमायलॉइडला लक्ष्य करणारी अनेक प्रतिपिंडे अपयशी ठरली. लेकानेमॅब या अशाच प्रतिपिंडाच्या १,७९५ रुग्णांवरील चाचणीत १८ महिन्यांनंतर स्मृतिभ्रंशाची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापनश्रेणीवर ०.४५ गुणांचा फरक पडला. औषधाने ऱ्हास सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, गेलेली स्मृती परत आली नाही. मेंदूला सूज व सूक्ष्म रक्तस्राव हे त्याचे धोके आहेत आणि एपीओई-४ या, अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकरूपाच्या दोन प्रती असणाऱ्यांत ते अधिक आढळतात. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये व डोनानेमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. अमायलॉइडविषयीचा २००६ मधील एक गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. तो या प्रथिनाच्या एका विशिष्ट गुच्छापुरता होता, त्यामुळे सारी उपपत्ती कोसळली ही समजूत चुकीची आहे.

भारतात हरियाणातील बल्लभगड येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या रोगाचे प्रमाण जगात नोंदवलेल्या नीचांकांपैकी निघाले. तेथे एपीओई-४ ची वारंवारता कमी होती. ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीनुसार मात्र साठीवरील ७.४ टक्के भारतीयांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे.